पुणे ते बर्लिन: एका तबलावादकाच्या स्थलांतराचं प्रकरण

पुण्यातला 31 वर्षांचा तबलावादक. ललित कला केंद्रातून तबल्यात एम.ए., आकाशवाणीची 'बी हाय' श्रेणी, दहा वर्षांची साथसंगत आणि घरी पंधरा-सोळा विद्यार्थी. कोविडच्या काळात ऑनलाइन शिकवणी सुरू झाली आणि त्यातले चार विद्यार्थी जर्मनीतले निघाले. दोनदा शेंगेन व्हिसावर दौरे झाले, बर्लिनमध्ये एका कथक वर्गाशी ओळख जमली आणि तिथेच राहून काम करायचं ठरलं. प्रकरण प्रातिनिधिक आहे, एकच माणूस धरून मांडलं आहे. मानधनाचे आणि खर्चाचे आकडे त्याच्या हिशेबापुरते आहेत. कायदे, शुल्कं आणि मुदती मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

त्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, दुसरा मंजूर झाला. मधल्या आठ महिन्यांत त्याचा हात बदलला नाही, गुरू बदलले नाहीत, बायोडेटाही तोच राहिला. बदलला तो कागद, आणि कागदामागचा हिशेब. युरोपात जाऊ पाहणाऱ्या आपल्या बहुतेक कलाकारांची गाडी इथेच अडते, म्हणून हे प्रकरण तपशिलात.

आधी वाट कोणती, ते

दौऱ्याचा व्हिसा आणि राहण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. घर भारतातच ठेवून, विशेष कलात्मक मोलाचे कार्यक्रम करायला आलेल्या कलाकाराला जर्मन नियमांनुसार बारा महिन्यांत 90 दिवसांपर्यंत मुभा आहे. पण त्या व्हिसावर तिथे जाऊन राहण्याचा परवाना मागता येत नाही. अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना आधी पोचून मग अर्ज करण्याची सोय आहे, भारतीय नागरिकांना नाही. इंटरनेटवर 'बर्लिनला जा, घर शोधा, मग परवाना घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो. तो अमेरिकी माणसाने अमेरिकी माणसासाठी लिहिलेला असतो. आपल्याला भारतातूनच राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे 'डी' व्हिसा, घेऊन निघावं लागतं. शुल्क 75 युरो, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या लोकांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास.

दुसरी वाट शिक्षणाची होती. रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये हिंदुस्थानी संगीताचा रीतसर पदवी अभ्यासक्रम आहे, आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचं नाव त्या विभागाशी दीर्घकाळ जोडलेलं आहे. विशीतल्या वादकासाठी ती वाट आजही उत्तम. पण शिकवून पोट भरणाऱ्या, एम.ए. झालेल्या माणसाला पुन्हा पहिल्या वर्षाला बसण्यात अर्थ दिसला नाही.

राहिली ती जर्मन निवास कायद्याच्या कलम 21, पोटकलम 5 ची वाट: स्वतंत्र व्यावसायिक म्हणून परवाना. जर्मन आयकर कायदा कलावंत आणि शिक्षक या दोघांनाही 'स्वतंत्र व्यवसाय' मानतो. त्यामुळे दुकानदाराप्रमाणे व्यापार-नोंदणी करावी लागत नाही. वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. 31 व्या वर्षी तो प्रश्न नव्हता.

पहिला अर्ज: कुठे काय चुकलं

फाईल जाडजूड होती. पुरस्कारांची छायाचित्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, ज्येष्ठ गायकांची शिफारसपत्रं, पेन ड्राइव्हवर ध्वनिमुद्रणं. त्यासोबत जर्मनीतल्या तीन सांस्कृतिक संस्थांची पत्रं. तिन्हींचा मजकूर साधारण असा: 'हे थोर कलावंत आहेत, ते इथे आले तर आम्हाला आनंद होईल, गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम ठेवू.' एकाही पत्रात रक्कम नाही, तारीख नाही, किती वेळा ते नाही.

उत्पन्नाच्या तक्त्यात 'मैफिली: दरमहा 3,000 युरो' एवढी एकच ओळ. बँकेत चार लाख रुपये. विमा प्रवासाचा, 30,000 युरोच्या संरक्षणाचा, म्हणजे दौऱ्याच्या व्हिसाला चालतो तो.

अर्ज दूतावासात दिला तरी कागद पुढे बर्लिनच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जातात आणि संमती तिथून येते. तिथल्या अधिकाऱ्याला तबल्यातला 'कायदा' आणि 'रेला' या दोन रचनांमधला फरक कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. त्याला तीनच गोष्टी बघायच्या असतात: या कामाला इथे मागणी आहे का, त्यातून हा माणूस सरकारी मदतीशिवाय जगेल का, आणि आजारी पडला तर बिल कोण भरेल. तिन्हींची उत्तरं फाईलमध्ये नव्हती. गणेशोत्सवातला कार्यक्रम वर्षातून एकदाच होतो. प्रवास-विमा दीर्घ मुक्कामाला पुरेसा धरला जात नाही. चार लाख रुपये म्हणजे चार हजार युरोंच्या आसपास, त्यात तीन-चार महिनेही धड निघत नाहीत.

नकारानंतर काय करायचं, तेही आता बदललं आहे. पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. 1 जुलै 2025 पासून ती सोय जगभर बंद झाली. आता एकतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, नाहीतर नव्याने अर्ज. ज्याचे कागदच कमी होते त्याने न्यायालयात जाण्यात हशील नाही. नवा अर्ज, नवं शुल्क, नवी तारीख.

पत्र कसं असावं

दुसऱ्या वेळी सगळी मेहनत पत्रांवर झाली. जर्मनीत याला इरादापत्र म्हणतात: करार नाही, पण 'हा माणूस आला की आम्ही त्याला अमुक काम, अमुक दराने देणार आहोत' असं लेखी सांगणं. कथक वर्गाचं पत्र नमुना म्हणून पाहू, कारण ते नीट उतरलं होतं. वर संस्थेचं नाव, पत्ता, करक्रमांक. मग मजकूर: 'आमच्या दोन वर्गांना तबल्याची साथ हवी आहे. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी 90 मिनिटं, दर वेळचे 55 युरो. शाळांच्या सुट्या सोडून वर्षाचे दहा महिने. आजवर आम्ही ध्वनिमुद्रित लेहरा (आवर्तनाची फिरती धून) आणि ठेक्यावर वर्ग चालवत होतो, बर्लिनमध्ये कथकला साथ करू शकणारा वादक आम्हाला मिळालेला नाही.' खाली सही, नाव, तारीख, फोन. पत्र जर्मन भाषेत.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. हा वादक कशासाठी लागतो ते त्यात आहे, आणि ते त्याने स्वतः नव्हे तर पैसे देणाऱ्याने सांगितलं आहे. आपल्याकडच्या शिफारसपत्रांत कलाकाराची थोरवी असते. इथे थोरवीपेक्षा गरज दिसायला हवी.

खासगी विद्यार्थ्यांकडूनही पत्रं घेतली. जर्मनीतले चार ऑनलाइन विद्यार्थी होतेच, त्यांच्या ओळखीतून आणखी पाच तयार झाले. प्रत्येकाने अर्ध्या पानावर लिहून दिलं: 45 मिनिटांचा एक धडा, 32 युरो, वर्षाला 36 धडे. नऊ जणांच्या नऊ सह्या. एका सांस्कृतिक केंद्राने वर्षाला दहा कार्यशाळा, प्रत्येकी 280 युरो, असं कळवलं. जॅझ आणि भारतीय ताल एकत्र वाजवणाऱ्या एका चमूने 14 कार्यक्रम, प्रत्येकी 220 युरो. भारतातून येणाऱ्या कलाकारांचे दौरे ठरवणाऱ्या एका आयोजकाने आठ कार्यक्रमांत साथ, प्रत्येकी 180 युरो.

एक पत्र मात्र मुद्दाम काढून टाकावं लागलं. एका संगीतशाळेने आठवड्याला सहा तास 'मुक्त शिक्षक' म्हणून काम देऊ केलं होतं. वरकरणी सगळ्यांत भक्कम पत्र. पण 28 जून 2022 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्ग गावच्या संगीतशाळेतली पियानो-शिक्षिका मुक्त व्यावसायिक नसून नोकरदारच आहे, असा निकाल दिला. शाळेचं वेळापत्रक, शाळेची खोली, शाळेचे नियम आणि स्वतःची जोखीम काही नाही, मग ती नोकरीच. तेव्हापासून संगीतशाळा मुक्त शिक्षक घ्यायला कचरतात. 2025 च्या कायदेदुरुस्तीने, शिक्षकाची संमती असेल तर, संक्रमणाची तात्पुरती सवलत दिली, पण मूळ पेच तसाच राहिला. कलम 21 चा परवाना स्वतंत्र व्यवसायासाठी असतो. ज्या कामाला उद्या कोणी नोकरी म्हणेल, त्यावर अर्जाचा पाया रचणं धोक्याचं. शाळेशी बोलणी परवाना हातात आल्यावर करायची ठरली.

हिशेब

| मिळकत | वर्षाचे युरो |
|---|---|
| खासगी शिकवणी: 9 × 36 × 32 | 10,368 |
| कथक वर्गाची साथ: 8 × 55 × 10 महिने | 4,400 |
| चमूचे कार्यक्रम: 14 × 220 | 3,080 |
| कार्यशाळा: 10 × 280 | 2,800 |
| दौऱ्यावरच्या कलाकारांची साथ: 8 × 180 | 1,440 |
| एकूण | 22,088 |

व्यवसायाचा खर्च वर्षाला 3,200: सरावखोलीतला वाटा 1,320, प्रवास 900, वाद्यांची देखभाल 500, फोन आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर 480. उरले 18,888, म्हणजे महिन्याला 1,574.

आता खालची बाजू. अधिकारी सरकारी मदतीचा मूळ दर डोळ्यांपुढे ठेवतो. एकट्या प्रौढ माणसासाठी तो 2024 आणि 2025 मध्ये दरमहा 563 युरो होता. त्यात घरभाडं आणि आरोग्यविमा मिळवायचा. वाट्याच्या घरातली एक खोली, वीज-हीटरसह, 520. सामाजिक विमा अंदाजे 319 आणि आयकर 45 धरला. 2025 साली 12,096 युरोपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नव्हता, म्हणून कराचा आकडा इतका लहान. बेरीज 1,447. शिल्लक सव्वाशे युरो.

सव्वाशे ही पातळ शिल्लक आहे. म्हणून सोबत 9,000 युरोंची बचत दाखवली, सहा महिन्यांच्या बँक-उताऱ्यांसह, एका रात्रीत कुणाकडून आणून भरलेली नव्हे. तक्त्यातला प्रत्येक आकडा कोणत्या पत्रातून आला त्याचा क्रमांक शेजारी लिहिला. हे एवढं केलं की अधिकाऱ्याचं काम दहा मिनिटांत होतं, आणि त्याचं काम सोपं करणं हाच अर्जाचा निम्मा भाग.

तक्ता वाचणाऱ्याच्या एक गोष्ट लगेच लक्षात येईल: निम्म्याच्या आसपास मिळकत शिकवणीची आहे. चमूचे कार्यक्रम आणि दौऱ्यावरच्या कलाकारांची साथ मिळून पाचवा हिस्सा. युरोपात राहणाऱ्या आपल्या बहुतेक वादकांचं घर शिकवण्यावर चालतं, आणि त्यात कमीपणा नाही. पण अर्जावर याचा थेट परिणाम होतो. परवान्यावर कोणत्या कामाची मुभा आहे ते शब्दांत छापलेलं असतं. अर्जात फक्त 'संगीतकार' लिहिलं तर शिकवणीचं काय, हा प्रश्न पुढे निघू शकतो. म्हणून अर्जापासूनच 'वादक आणि संगीतशिक्षक' असे दोन्ही शब्द हवेत.

आकाशवाणीच्या श्रेणीखाली एक ओळ घातली: 'सार्वजनिक प्रसारण संस्थेने स्वरचाचणी घेऊन दिलेली दर्जाश्रेणी.' गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांनाही अशीच एक ओळ लागते. नुसतं 'विशारद' लिहिलं तर तिकडे काहीच बोध होत नाही.

व्हिसा अकरा आठवड्यांत आला. आठ ते बारा आठवडे धरूनच चालावं, आणि कार्यक्रमाच्या तारखा त्याच्या पुढच्या घ्याव्यात.

तबले नेताना

तबल्याचं खोड शिसमाचं होतं. शिसम-शिसवीचा अख्खा वृक्षवंश 2 जानेवारी 2017 पासून दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि काही वर्षं वाद्यं नेणाऱ्यांची तारांबळ उडाली. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यं, त्यांचे भाग आणि जोडवस्तू यांना सूट आहे. तयार तबल्याला अडचण नाही, पण कोरं खोड नेऊन तिकडे बनवून घेऊ म्हटलं तर ती सूट लागू होत नाही. तंतुवाद्यं नेणाऱ्यांनी जास्त जपावं: जुन्या तंबोऱ्या-सतारींवरचं हस्तिदंती काम आणि सांबरशिंगाची घोडी हे दोन्ही अडचणीचे. मिरजेत घोडी बदलून घेऊन मगच वाद्य बाहेर काढावं.

सीमाशुल्काचा मुद्दा असा. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला 430 युरोंपर्यंतचा माल माफ असतो, तीन तबले आणि डग्गा त्याच्या वर जातात. पण निवास बदलून येणाऱ्याला वेगळी सूट आहे: युरोपीय संघाबाहेर किमान बारा महिने राहिलेला माणूस किमान सहा महिने वापरातल्या वस्तू करमुक्त आणू शकतो, आणि कलावंताची हाताने नेता येणारी व्यवसायाची साधनंही त्यात धरली जातात. त्यासाठी यादी हवी: वस्तू, खरेदीचं वर्ष, अंदाजे किंमत, छायाचित्र. लाल मार्गाने जाऊन ती दाखवायची. नव्या कोऱ्या, न चढवलेल्या पुड्या (तबल्याच्या तोंडावरची चामडी) या सूटीत बसत नाहीत, त्यांची पावती वेगळी ठेवायची. हातोडी हातातल्या पिशवीत ठेवू नये, सुरक्षा-तपासणीत ती काढून घेतली जाते.

तीन तबले का, तर तिकडे एकाच पट्टीवर भागत नाही. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत, काळी एक नेहमीची. बासरीवाल्यांसाठी पांढरी तीन. आणि गायिकांसाठी, कथकच्या लेहऱ्यासाठी खालचा, मोठ्या तोंडाचा एक. एका तबल्यावर दोन-अडीच स्वरांपेक्षा जास्त ओढाताण केली की नाद मरतो आणि पुडी ताणून धरणारी चामड्याची वादी तुटते. जॅझवाल्यांशी वाजवताना आणखी एक भानगड: पियानो 440 हर्ट्झवर असतो, पण वाद्यवृंदातली मंडळी बऱ्याचदा 442 ला लावतात. आधी विचारून घ्यावं.

पहिले सहा आठवडे

इथे क्रमाला महत्त्व आहे, कारण प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आन्मेल्डुंग'. त्यासाठी घरमालकाचं किंवा मुख्य भाडेकरूचं सहीचं पत्र लागतं. इथेच पहिला खोळंबा झाला: स्वस्तात मिळालेल्या पहिल्या खोलीच्या मालकाने नोंदणीचं पत्र द्यायला नकार दिला. अशा खोलीत राहिलं की पुढची सगळी साखळी थांबते. पाच आठवडे वाया गेले, मग दुसरी खोली 520 ला घेतली. खोली बघायला जाताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, नोंदणीच्या पत्राचा हवा.

नोंदणी झाली की करओळख क्रमांक आपोआप टपालाने येतो. तो व्यवसायाचा करक्रमांक नव्हे. त्यासाठी 'एल्स्टर' या सरकारी संकेतस्थळावर खातं काढून करकार्यालयाची प्रश्नावली भरायची, काम सुरू केल्यापासून महिन्याभरात. एल्स्टरचा सांकेतिक कोडही टपालानेच येतो, म्हणून दारावरच्या टपालपेटीवर आपलं नाव चिकटवणं हे पहिल्या दिवसाचं काम. नाव नसेल तर टपाल परत जातं.

प्रश्नावलीत 'लहान उद्योजक' हा पर्याय येतो. 2025 पासून उलाढाल 25,000 युरोंच्या आत असेल तर बिलावर मूल्यवर्धित कर लावावा लागत नाही. 22,088 त्यात बसतात. प्रत्येक बिलावर नाव, पत्ता, करक्रमांक, क्रमवार बिल क्रमांक, काम केल्याची तारीख आणि 'लहान उद्योजक असल्याने कर आकारलेला नाही' ही ओळ. आपल्याकडे बिदागी पाकिटातून मिळते आणि तिथे व्यवहार संपतो. जर्मनीत बिल नाही तर ती मिळकत परवान्याच्या नूतनीकरणात दाखवताच येत नाही.

पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात 400 युरोंऐवजी 336.70 हाती आले. आयोजकाकडे अजून पुण्याचा पत्ता होता. परदेशात राहणाऱ्या कलाकाराच्या मानधनातून 15 टक्के कर आणि त्यावर अधिभार, मिळून 15.825 टक्के कापायची सक्ती आयोजकावर असते. एका कार्यक्रमाचे 250 युरोंपर्यंत असतील तर कपात नसते. तो आता जर्मनीचा रहिवासी होता. नोंदणीची प्रत आणि करक्रमांक पाठवल्यावर 63.30 परत आले, कारण आयोजकाने त्या तिमाहीचं विवरण अजून भरलं नव्हतं. भरलं असतं तर सोडवायला महिने लागले असते. बिलासोबत नोंदणीची प्रत जोडण्याची सवय तेव्हापासून लागली.

केएसके

जर्मनीत कलाकाराला सगळ्यांत मोठा आधार कोणता असेल तर विल्हेल्म्सहाफेन इथली कलाकार सामाजिक निधी संस्था, 'केएसके'. 1983 पासून चालू आहे. नोकरदाराच्या विम्याचा निम्मा वाटा मालक भरतो, मुक्त कलाकाराला मालक नसतो. ती जागा केएसके घेते: आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन यांचा निम्मा हप्ता कलाकार भरतो, उरलेला निम्मा केंद्र सरकार आणि कलाकारांना काम देणाऱ्या संस्था मिळून भरतात. 2025 मध्ये संस्थांनी मानधनावर 5 टक्के वर्गणी भरायची होती. ती त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायची असते. कोणी 'तुमच्या बिदागीतून पाच टक्के वळते करतो' म्हणालं तर सरळ नकार द्यावा.

कायद्यात कलाकार म्हणजे संगीत 'निर्माण करणारा, सादर करणारा किंवा शिकवणारा'. म्हणजे शिकवणीही धरली जाते. किमान उत्पन्न वर्षाला 3,900 युरो, आणि सुरुवातीची तीन वर्षं तीही अट नाही.

आता पेच. व्हिसासाठी आरोग्यविमा आधी लागतो, केएसके प्रत्यक्ष काम सुरू झाल्याचे पुरावे मागते. सरकारी आरोग्यविमा बाहेरून आलेल्या मुक्त व्यावसायिकाला थेट घेत नाही, केएसकेतून गेलं की घेतो. म्हणून मधले महिने खासगी विम्यावर काढावे लागतात. इथे आमचं स्पष्ट मत: पहिलं बिल निघालं त्याच आठवड्यात केएसकेला कळवावं. निर्णयाला कित्येक महिने लागतात, पण सभासदत्व कळवल्याच्या दिवसापासून धरलं जातं. या वादकाने 'आधी दहा-बारा कार्यक्रम होऊ देत' म्हणून तीन महिने थांबून अर्ज केला. त्या तीन महिन्यांचा खासगी हप्ता पूर्ण त्याच्या अंगावर पडला आणि निवृत्तिवेतनाचे तीन महिने बुडाले. सभासदत्वाचं पत्र आल्यावर खासगी विमा त्या दिवसापासून रद्द करता येतो, पण त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. ती चुकवू नये.

हप्ता आपण कळवलेल्या अपेक्षित उत्पन्नावर ठरतो. उत्पन्न घटलं तर वर्षाच्या मध्येही सुधारित आकडा देता येतो, मात्र तो पुढच्या महिन्यांनाच लागू होतो.

जानेवारीतला तबला आणि शेजारी

पुण्यात पावसाळ्यात पुडी सैल पडते, तबला उतरतो. बर्लिनच्या हिवाळ्यात उलट. बाहेर शून्याखाली, आत हीटर, आणि खोलीतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली. चामडं आवळतं, तबला रात्रीत अर्धा-पाऊण स्वर चढून बसतो. शाईला बारीक भेगा जातात, मग कण सुटतात. 'ना' खणखणीत लागतो पण 'तूं' मरतो, हे पहिलं लक्षण. या वादकाच्या दोन पुड्या पहिल्या जानेवारीतच गेल्या, कारण तबले हीटरपासून दोन हातांवर होते. उपाय साधे आहेत: पंधरा-वीस युरोंचा आर्द्रतामापक, खोलीत 45 ते 55 टक्के ओल राखणारं यंत्र, वाजवून झालं की लगेच गवसणी, आणि रात्री वाद्यांखालचे लाकडी गट्टे थोडे वर सरकवून ताण कमी करून ठेवणं. जादा पुड्या न्यायच्या तर तबल्याच्या चार आणि डग्ग्याच्या दोन, वादीचं एक भेंडोळं. पुडी चढवता येणं ही तिकडे चैन नसून गरज आहे. लक्ष्मी रोडला जाऊन संध्याकाळी तबला परत आणण्याची सोय तिथे नाही.

रियाजाचं काय? जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. घरात वाद्य वाजवण्यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 26 ऑक्टोबर 2018 ला एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात ढोबळ माप दिलं: कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी-सुटीला एक ते दोन. म्हणजे शेजाऱ्याला सरसकट बंदी मागता येत नाही, पण सकाळचा पाच तासांचा रियाजही घरात बसत नाही. 110 युरोंचा सरावखोलीतला वाटा त्यासाठीच होता. घरात वाजवताना तबल्याखाली चुंबळ, तिच्याखाली जाड रबरी गादी, कारण शेजाऱ्याला त्रास होतो तो डग्ग्याच्या घुमाऱ्याचा, आणि तो जमिनीतून जातो.

वर्षअखेरीचा ताळा

ठरवलेल्या 22,088 पैकी 18,792 जमले. कथक वर्ग ठरल्याप्रमाणे 4,400. दौऱ्यावरच्या कलाकारांच्या साथीचे कार्यक्रम आठऐवजी नऊ. चमूचे कार्यक्रम 14 ऐवजी 11. कार्यशाळा दहाऐवजी सहाच, कारण केंद्राचं अनुदान वर्षाच्या मध्ये अडकलं. आणि सगळ्यांत मोठी तूट शिकवणीत: 324 धड्यांपैकी 271. बर्लिनच्या शाळांना उन्हाळ्यात सहा आठवडे सुटी असते, मोठी माणसंही तेव्हाच गावाला जातात, आणि धड्यामागे पैसे घेतले की त्या काळात आवक थांबते.

खर्च 3,650 झाला, निव्वळ 15,142, महिन्याला 1,262. बचतीतून सुमारे 1,700 युरो गेले. 9,000 होते म्हणून निभावलं.

दुसऱ्या वर्षी त्याने तिथल्या शिक्षकांची रीत उचलली: वर्षाचा लेखी करार, 36 धडे, एकूण 1,152 युरो, बारा समान हप्त्यांत 96 युरो दरमहा. सुटीतही हप्ता येतो, कारण पैसे वर्षाचे आहेत. दोन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन करार सोडता येतो. नऊपैकी आठ जणांनी सही केली. स्वतःच्या रचना चमूबरोबर वाजत असल्याने रचनाकारांच्या हक्कांसाठी 'गेमा' आणि वादकाच्या ध्वनिमुद्रणांसाठी 'जीव्हीएल' असे दोन नोंदणी-अर्ज भरले. जीव्हीएलला शुल्क नाही. गेमाला वर्गणी आहे, म्हणून रचना नियमित वाजत असतील तरच.

ॲमस्टरडॅमहून आलेलं एक आमंत्रण त्याने थोडं लांबवलं. जर्मन परवान्यावर शेंगेन देशांत फिरता येतं, पण तिथे पैसे घेऊन वाजवायला त्या त्या देशाचे कामाचे नियम लागू होतात. आयोजकाने ते तपासून लेखी कळवल्यावर तारीख पक्की झाली.

परवाना संपण्याआधी तीन महिने नूतनीकरणाची वेळ मागितली. फाईलमध्ये यावेळी शिफारसपत्र एकही नव्हतं: वर्षभराची बिलं क्रमवार, बँकेचे उतारे, नफ्याचा तक्ता, केएसकेचं पत्र, भाडेकरार आणि आठ शिकवणी-करार. कायम निवासासाठी कलम 21(5) वाल्यांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं आणि निवृत्तिवेतनाचे 60 हप्ते दाखवावे लागतात. त्याच्या मोजणीत तेव्हा नऊ होते.